धान्याची पारख : नाकाची साक्ष कशी घ्यावी

छत्रपती संभाजीनगर येथील शहागंजच्या भाजीबाजारात शिरताच कोथिंबीर, पिकलेली फळे व नासका पाला यांचा संमिश्र वास तीव्रतेने जाणवतो. काही मिनिटांतच तो नाहीसा झाल्यासारखा वाटतो. वास्तविक वास कायम असतो. एकाच वासात राहिल्याने घ्राणेंद्रिय मंदावते. शेतकऱ्याच्या घरीही हेच घडते. ज्वारीच्या पोत्यांजवळ सदैव वावरणाऱ्यास धान्याचा कुबट वास येईनासा होतो व बुरशी लागल्याचे उशिरा कळते. म्हणून वास आपोआप येईल असे न मानता तो लक्षपूर्वक घ्यावा.

पद्धत पुढीलप्रमाणे :

१. परीक्षेपूर्वी तंबाखू खाऊ नये. हात वास नसलेल्या पाण्याने धुवावेत.

२. मोकळ्या हवेत थोडा वेळ थांबून मगच कोठारात जावे. आत शिरताच आलेला पहिला वास ध्यानात ठेवावा.

३. पोत्याच्या मध्यभागातून मूठभर धान्य काढून बाहेर आणावे. तळहातांच्या उबेत ते धरून, डोळे मिटून, दोन-तीन लहान श्वासांनी हुंगावे. दीर्घ श्वास घेऊ नये.

४. वासाला नाव द्यावे : कुबट, आंबूस, खवट की स्वच्छ? नंतर चांगल्या, कोरड्या धान्याशी तुलना करावी.

कुबट वास आल्यास धान्य ओल धरीत आहे असे समजून ते उन्हात वाळवावे व वेगळे ठेवावे. डोळ्यांना बुरशी दिसत असेल, किंवा धान्यास औषध लावलेले असेल, तर ते मुळीच हुंगू नये.

नाकाच्या मर्यादाही ओळखाव्यात. मका व भुईमुगावरील बुरशीचे अफ्लाटॉक्सिन हे विष वासावरून ओळखता येत नाही. जुन्या पद्धतीच्या पेवात धान्याच्या श्वसनाने प्राणवायू घटतो व कार्बन डायऑक्साइड साठतो; या वायूला वास नसतो. पेवात उतरून गुदमरून माणसे दगावली आहेत. म्हणून पेव उघडून पुरेसा वेळ हवा खेळू द्यावी. आत ठेवलेला दिवा जळत राहिला तरी धोका टळला असे मानू नये. एकट्याने कधीही उतरू नये. आत कोणी बेशुद्ध पडल्यास दुसऱ्याने मागोमाग उडी घेऊ नये, वरून दोराने ओढून काढावे.

ग्रामसेवकांनी सभेत चांगले व किंचित कुबट धान्य दोन झाकलेल्या वाट्यांत ठेवून उपस्थितांकडून पारख करवून घ्यावी. नाक दोष दाखवू शकते. निर्धोकपणाची हमी मात्र देत नाही, हे त्या वेळी सर्वांना अवश्य सांगावे.