मृगाआधी घरचा वाटा काढा
कोरडवाहू कुटुंबासाठी खरीपपूर्व सल्ला

रोहिणीचा वारा सुटला की गावात एकच चर्चा सुरू होते: यंदा सोयाबीन किती एकर, कापूस किती, बियाण्याची बॅग कितीला पडली. घरातली माणसं वर्षभर काय खातील, गुरांच्या दावणीत काय पडेल, हा विषय त्या चर्चेत क्वचितच येतो. तो येतो फेब्रुवारीत, विहीर तळाला गेल्यावर, आणि तेव्हा हातात काही उरलेलं नसतं. म्हणून हा सल्ला आत्ता, तिफण शेतात जाण्याआधी.

ऑगस्ट २०२३ आठवा. देशात १९०१ पासूनचा तो सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. मराठवाडा, सोलापूर, नगरकडे पिकं फुलोऱ्यात आणि शेंगेत असताना माना टाकून उभी होती. त्याआधी २०१४ आणि २०१५ अशी सलग दोन वर्षं पावसानं पाठ फिरवली. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, बीड, लातूर, उस्मानाबादेत गुरं चारा छावणीत बांधावी लागली. पहिलं वाईट वर्ष बहुतेक घरं रेटून नेतात. घर मोडतं ते पाठोपाठच्या दुसऱ्या वर्षी. तयारी करायची ती या दुसऱ्या वर्षाची.

आपण काय गमावलं

१९७२ च्या दुष्काळात घरातले दाणे संपले, तेव्हा लोकांनी परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी खाल्ली आणि दुष्काळी कामांवर खडी फोडली. त्या पिढीनं घेतलेला धडा साधा होता: बळदात जुनी ज्वारी शिल्लक असल्याशिवाय नवी विकायची नाही.

पुढे सोयाबीन आलं. त्यानं रोख पैसा दिला, मुलांची शिक्षणं झाली, हे नाकारता येत नाही. पण ज्वारीची जागा त्यानं घेतली, तेव्हा एकाच फेऱ्यात भाकरी आणि कडबा दोन्ही घराबाहेर गेले. आता दाणे विकत, पीठ विकत, तेल विकत, चारा विकत. भाव पडला की या सगळ्यांना एकदमच धक्का बसतो. सोयाबीन सोडा असं आम्ही म्हणत नाही. आधी घरचा वाटा काढा, उरलेलं रान बाजाराला द्या, एवढंच म्हणणं आहे.

मराठवाड्यात स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेबरोबर काम करणाऱ्या बायकांनी हेच केलं. घरच्यांकडून एक एकर, कुठे अर्धा एकर मागून घेतला आणि त्यात धान्य, कडधान्य, भाजीपाला अशी खाण्याची पिकं घेतली. या संस्थेला २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. त्या बायकांना नवं रान मिळालं नव्हतं. होतं त्याच रानातला काही भाग घराच्या नावावर पडला, आणि तिथं काय पेरायचं हे घर चालवणारीनं ठरवलं.

वही घ्या, हिशेब मांडा

सहा माणसांचं घर धरू. लहानमोठे मिळून माणशी रोज ३०० ग्रॅम ज्वारी धरली, तर दिवसाला १.८ किलो आणि वर्षाला सुमारे साडेसहा क्विंटल लागते. डाळ-कडधान्य माणशी ५० ग्रॅम धरलं, तर वर्षाला ११० किलो. रेशनचा गहू-तांदूळ मिळत असेल तर यातून वजा करा.

आता रानाकडे बघा. कोरडवाहू रब्बी ज्वारी मध्यम जमिनीत साधारण वर्षी एकरी पाचेक क्विंटल दाणे आणि १५ ते २० क्विंटल कडबा देते. वाईट वर्षी याच्या निम्मंही पदरात पडत नाही. म्हणून नियोजन सरासरीवर न करता साठ्यावर करा: चांगल्या वर्षी दीड वर्षाचे दाणे ठेवायचे. नवं पीक खळ्यावर येऊन वाळेपर्यंत जुन्याला शेवटचा हात लावायचा नाही.

पाच एकरांच्या घराला दीड एकराचा घरचा वाटा सोसतो. त्याची एक मांडणी अशी:

• एक एकर रब्बी ज्वारीसाठी. तिथं खरिपात मूग किंवा उडीद घ्या. साठ-सत्तर दिवसांत रान मोकळं होतं, डाळ घरात येते आणि जमिनीला बेवड मिळतो. ओल बेताची असेल तर खरिपात रान मोकळंच ठेवून वखराच्या पाळ्या द्या, ओल ज्वारीला राखा. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेली मालदांडी (एम ३५-१) अजूनही भाकरीला आणि कडब्याला भरवशाची आहे. पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबरदरम्यान, एकरी ४ किलो बियाणं.

• वीस गुंठ्यांत बाजरी, दोन ओळींनंतर तुरीची एक ओळ. बाजरी अडीच-तीन महिन्यांत हाती येते आणि पावसानं मध्येच ओढ दिली तरी तग धरते. तूर मागाहून डाळ देते, तुऱ्हाट्या चुलीला होतात.

• ज्वारीच्या कडेनं करडईचे पाटे. करडईचं मूळ खोल जातं, काट्यांमुळे गुरं आत शिरत नाहीत, पाला भाजीला होतो आणि गावच्या घाण्यावर घरचं तेल निघतं.

पाऊस लांबला तर घाबरून धूळपेरणी करू नका. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन ओल खाली गेल्याशिवाय सोयाबीनला हात घालायचा नाही. जुलैचा पहिला पंधरवडा उलटला की मूग-उडदाचा नाद सोडा. मग बाजरी, तूर, मटकी, हुलगा, एरंडी याकडे वळा. मटकी आणि हुलगा यांना बाजारात मान कमी असेल, पण घरातल्या कोरड्यासाला ते वर्षभर पुरतात.

बियाणं दोन पेरण्यांचं

दुबार पेरणीची वेळ आली की पहिला फटका बियाण्याचा बसतो. सोयाबीन, मूग, उडीद, हरभरा, गहू, ज्वारी यांच्या सरळ वाणांचं घरचं बी पुन्हा पेरता येतं. संकरित बाजरी आणि बीटी कापसाचं मात्र ठेवू नका, ते फसवतं.

घरचं सोयाबीन असलं तर उगवण आत्ताच तपासा. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत शंभर दाणे मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा. सहाव्या-सातव्या दिवशी निरोगी कोंब मोजा. सत्तर किंवा त्याहून जास्त असतील तर एकरी ३० किलो पुरेल. साठ-पासष्ट भरले तर त्या प्रमाणात बी वाढवा. त्याहून कमी असतील तर ते बी बाजूला काढा. सोयाबीनचं टरफल नाजूक असतं. पोती आपटू नका, एकावर एक उंच थप्पी लावू नका.

पुढच्या सालासाठी बी निवडायचं ते उभ्या पिकातून, खळ्यावरच्या ढिगातून नव्हे. रानाच्या मधल्या भागातली, रोग नसलेली, भरदार कणसं खूण करून ठेवा. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी वाणांची बियाणं अशीच निवडून, मडक्यांत राखून जपली आणि त्यांना पद्मश्री मिळाली. दोडका, भोपळा, वाल, गवार यांचं बी प्रत्येक घराला ठेवता येतं. वेलावरचं पहिलं चांगलं फळ खायचं नाही, बियाला सोडायचं, एवढा नियम पाळला तरी पुरे.

साठवण: दाणा दाताखाली कट्कन वाजला पाहिजे

पिकवलेलं धान्य किडीनं खाल्लं तर सगळा हिशेब कोसळतो. धान्य उन्हात इतकं वाळवा की दाताखाली दाणा चेपण्याऐवजी फुटावा. ओलावा धान्यात १२ टक्क्यांच्या आत आणि कडधान्यात त्याहूनही कमी हवा. ऊन दिलेलं धान्य थंड झाल्यावरच भरा. गरम भरलं तर कणगीत घाम धरतं.

जुनी पोती उकळत्या पाण्यातून काढून कडक वाळवा. भिंतीपासून दीड-दोन फूट सोडून फळ्यांवर रचा. कणगी शेणामातीनं नव्यानं लिंपा, भेगांत सोंडे आणि पोरकिडे लपतात. थरामध्ये सावलीत वाळलेला कडुलिंबाचा पाला घाला. कडधान्याचा भुंगेरा शेतातच शेंगेवर अंडी घालतो, म्हणून मूग, चवळी, हरभरा आणल्याबरोबर वाळवा. किलोला ५ ते १० मिलि खाद्यतेल चोळलं तर भुंगेऱ्याला आळा बसतो. खाण्याची तूर भरडून डाळ करून ठेवली तर कीड आणखी कमी लागते.

एक कळकळीची विनंती. धान्यात घालायच्या विषारी वायूच्या गोळ्या राहत्या घरात वापरू नका. त्यांचा वायू झोपलेल्या माणसांचा जीव घेतो. आणि जमिनीतलं धान्याचं पेव उघडलं तर लगेच आत उतरू नका. एक-दोन दिवस तोंड मोकळं ठेवा, कंदील खाली सोडून बघा. कंदील विझला तर आत प्राणवायू नाही. कंदील जळत असला तरी एकट्यानं उतरू नका, वर माणूस उभा ठेवा.

मोरीच्या पाण्यावर परसबाग

घराजवळ एक गुंठा पुरतो. कडेला शेवगा, कढीपत्ता, लिंबू, पपई आणि हादगा. कुंपणावर दोडका, कारलं, घेवडा, भोपळा. वाफ्यात गवार, भेंडी, अंबाडी, चुका, राजगिरा. मोरीचं पाणी आधी अळू आणि केळीच्या खड्ड्यात सोडा, तिथून पुढे वाफ्याला. शेवगा एकदा मुळावला की दुष्काळातही पाला देतो, आणि पाल्याची भाजी पोटाला शेंगेइतकीच गुणकारी आहे.

पावसाळ्यात तांदुळजा, पाथरी, घोळ, कुंजीर, तरोटा रानात आपोआप येतात. सासूबाईंना त्या ओळखता येतात, सुनेला कदाचित येत नसतील. यंदा दोघींनी मिळून एकदा बांधावरून फिरून यावं. तणनाशक मारलेल्या रानातली भाजी मात्र खुडू नये. जास्तीची गवार, मेथी, अंबाडी, कैरी वाळवून भरणीत ठेवा. उन्हाळ्यात भाजीचे भाव चढतात तेव्हा सांडगे आणि वाळवणंच ताट राखतात.

दावण आणि पाणी

हिरवा चारा नसला तर मोठ्या जनावराला रोज किमान ६ किलो कडबा हवा. फेब्रुवारी ते जून, १५० दिवसांचा हिशेब जनावरामागे ९ क्विंटल होतो. घरच्या वाट्यातला ज्वारीचा एकर साधारण वर्षी दोन जनावरं जगवतो. कडबा कुट्टी करूनच घाला, अखंड पेंढी घातली की बराच भाग पायाखाली जातो. गंजीवर आच्छादन हवं.

पाण्याचा ताण बसलेली, फुलोऱ्याआधीची कोवळी ज्वारी जनावरांना खाऊ देऊ नका. तिच्यात विष तयार होतं आणि किराळ लागून चांगली गाय तासाभरात जाते. दुष्काळात भुकेली गुरं नेमकी त्याच रानाकडे धावतात, म्हणून राखणाऱ्या मुलालाही हे सांगून ठेवा. घटसर्प आणि फऱ्याची लस, शेळ्यांना आंत्रविषाराची लस पावसाआधी टोचून घ्या. दोन उस्मानाबादी शेळ्या आणि दहा गावठी कोंबड्या ही अडीनडीची ठेव आहे. मात्र कोंबड्यांना मानमोडीची लस दिली नाही तर ती ठेव आठवड्यात बुडते.

पाण्याचा हिशेबही मांडा. ५० चौरस मीटर पत्र्यावर एक मिलिमीटर पाऊस पडला की ५० लिटर पाणी येतं. वाया जाणारं सोडलं तरी २० मिलिमीटरच्या एका सरीत ८०० लिटर हाती लागतं. पन्हाळ लावा, पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी सोडून द्या, मग टाकी भरा. सहा माणसांना पिण्या-स्वयंपाकाला रोज ५० लिटर धरलं, तर ५,००० लिटरची झाकलेली टाकी शंभर दिवस जाते, म्हणजे मार्चपासून मृगापर्यंत. पिण्याआधी पाणी उकळा किंवा त्यात मेडिक्लोर टाका.

कर्जाचा आकडा घरात सांगा

शेवटचं काम शेतातलं नाही. पेरणीआधी एका संध्याकाळी सगळं घर एकत्र बसवा, म्हातारे, सुना आणि जाणती मुलंसुद्धा. बँकेचं, दुकानाचं, पाहुण्यांचं मिळून किती देणं आहे, ते वहीत लिहा आणि मोठ्यानं वाचा. आमच्या गावात एकेका कर्त्या माणसानं हा आकडा वर्षानुवर्षं एकट्यानं छातीवर वागवला आहे, आणि घराला तो कळला तेव्हा फार उशीर झाला होता. आकडा सगळ्यांना माहीत असला की लग्नातला खर्च कमी करायला कुणी रुसत नाही, आणि खचलेल्या माणसाच्या शेजारी बसायला कुणीतरी असतं. पीकविम्यात खरिपाला शेतकऱ्याचा हिस्सा विमा रकमेच्या २ टक्के आणि रब्बीला दीड टक्के असतो, नगदी पिकांना जास्त. मुदतीची तारीख त्याच वहीत लिहून ठेवा.

या पंधरवड्यात करायची कामं

१. वर्षाचे दाणे, डाळ आणि चारा यांचा हिशेब मांडणे.
२. घरच्या वाट्याचं रान ठरवून त्याच्या बांधावर खूण करणे.
३. सोयाबीनची उगवण तपासणे, दुबार पेरणीपुरतं बी बाजूला काढणे.
४. कणगी लिंपणे, पोती उकळून वाळवणे.
५. पन्हाळ आणि टाकी दुरुस्त करणे.
६. गुरं, शेळ्या, कोंबड्यांना लसी टोचून घेणे.
७. परसात शेवग्याची दोन फाटी लावणे.

ज्वारीची काढणी कष्टाची आहे, पाखरं राखायची आहेत, आणि हे ओझं बहुतेक बायकांच्या कमरेवर येतं. म्हणून चार घरांनी सावड करा. आज तुमच्या रानात, उद्या आमच्या. दुसरं कोरडं वर्ष आलं, तर त्या चार घरांतल्या एकाच्या तरी कणगीत दाणे असतील, आणि ते मागायला कुणाला लाज वाटणार नाही.