पाच तत्त्वं, पण सारख्या मापाने नव्हेत

प्रश्न : आमच्या नव्या फ्लॅटचं इंटिरिअर करणाऱ्या डिझायनरने चिनी पाच तत्त्वांचा समतोल साधायला सांगितलं आहे. हॉल पश्चिमेचा आणि सोफा लाल, म्हणजे अग्नी जास्त झाला. तेव्हा कोपऱ्यात कारंजं ठेवा, असं त्यांचं म्हणणं. ही तत्त्वं म्हणजे आपली पंचमहाभूतंच का? आणि समतोल म्हणजे नेमकं करायचं काय?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : पंचमहाभूतं ती नव्हेत. माती, पाणी आणि अग्नी दोन्हीकडे आहेत, पण चिनी यादीत वायू आणि आकाश नाहीत. तिथे लाकूड आणि धातू येतात. शिवाय सगळा भर एकातून दुसरं कसं होतं, यावर आहे. लाकडावर अग्नी पेटतो, त्याच्या राखेची माती होते, मातीच्या पोटात धातू मिळतो, थंड धातूवर दंव जमून पाणी होतं आणि त्या पाण्यावर झाड वाढतं. हे झालं पोषणाचं चक्र. दुसरं चक्र आवर घालण्याचं : मुळं माती फोडतात, माती पाणी अडवते, पाणी अग्नी विझवतं, अग्नी धातू वितळवतो आणि धातू लाकूड तोडतो. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात त्सौ येन या विचारवंताने राजघराण्यांचा उदयास्तही याच तत्त्वांनी समजावून सांगितला. वैद्यक आणि वास्तुरचनाही याच चौकटीतून पाहिली गेली.

समतोल म्हणजे पाचही तत्त्वं सारख्या मापाने भरायची, असा समज इथे पक्का बसला आहे, आणि त्यातूनच घरात वस्तूंची गर्दी होते. बीजिंगचा जुना राजवाडा पाहा. जवळजवळ सगळी छपरं पिवळ्या कौलांची, कारण पिवळा हा मातीचा, मध्यस्थानाचा आणि म्हणून सम्राटाचा रंग. पूर्वेकडे राजपुत्रांच्या निवासावर मात्र हिरवी कौलं आहेत. पूर्व ही लाकडाची, म्हणजे वाढीची दिशा. आणि 1776 मध्ये पूर्ण झालेल्या वेनयुआन ग या ग्रंथालयावर काळी कौलं आहेत, कारण पुस्तकांना आगीचं भय आणि काळा रंग पाण्याचा. निंगबो शहरात फान छिन या अधिकाऱ्याने 1561 च्या सुमारास बांधायला घेतलेल्या थ्येनयी ग या ग्रंथालयाचा नमुना समोर ठेवून ते उभारलं. दोन्हींच्या पुढ्यात तळं आहे. मला यातली आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. नुसत्या रंगावर कोणी विसंबलं नाही. राजवाड्यात जागोजागी तांब्याचे आणि लोखंडाचे प्रचंड हंडे पाण्याने भरून ठेवलेले असत आणि थंडीत ते पाणी गोठू नये म्हणून हंड्यांखाली निखारे पेटवत.

आता तुमचा हॉल. कारंजं ठेवणं म्हणजे अग्नीला थेट विझवायला जाणं. याच परंपरेत त्याहून सौम्य वाट आहे : जे जास्त झालं, त्याला पुढच्या तत्त्वाकडे वाहू द्यायचं. अग्नीच्या पुढे माती. तेव्हा सोफा राहू द्या. त्यावर मातकट किंवा फिक्या पिवळ्या रंगाच्या जाड सुती उशा ठेवा, समोर बुटकं चौकोनी टेबल, खिडकीशी भाजलेल्या मातीच्या दोन बसक्या कुंड्या. आकारांनाही तत्त्वं आहेत : उभट ते लाकूड, टोकदार ते अग्नी, चौकोनी आणि बसकं ते माती, गोल तो धातू, नागमोडी ते पाणी. सोफ्यामागे उंच झाडांची रांग लावलीत, तर त्या हिशेबाने आगीत लाकूडच घातल्यासारखं होईल.

दिशांबाबत सावध राहा. चिनी पद्धतीत पाणी उत्तरेला आणि अग्नी दक्षिणेला. वास्तुशास्त्रात पाणी ईशान्येला आणि अग्नी आग्नेयेला. दोन्ही एकदम पाळता येत नाहीत. उत्तर चीनमध्ये हिवाळ्यात बोचरा वारा उत्तरेकडून येतो आणि ऊब दक्षिणेच्या उन्हात असते, म्हणून तिथल्या चौकाच्या घरांत मुख्य दालन दक्षिणेकडे तोंड करून असतं आणि उत्तरेची भिंत जवळजवळ बंद. तुमच्याकडे छळतं ते चार वाजताचं ऊन आणि नैऋत्येचा पाऊस. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून बांबूची चिक लावा. एप्रिल-मे महिन्यांत त्या खोलीतला खरा अग्नी तीच कमी करेल.

लाफिंग बुद्धा किंवा ‘लकी बांबू’ ठेवल्याने पैसा येतो, याला कसलाही पुरावा नाही. तो बांबूही नव्हे. ते आफ्रिकेतलं ड्रॅसिना आहे. दिसायला आवडत असेल तर खुशाल ठेवा. आणि कारंजं घेणारच असाल, तर दर आठवड्याला ते पूर्ण रिकामं करून घासा. बंद पडलेल्या कारंज्यातल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचे डास अंडी घालतात.