आधी तिथी, मग खोली

पोरी, अलिबागला सगळ्यांना घेऊन जायचं म्हणतेस, तर शनिवार-रविवार शोधायच्या आधी भिंतीवरचं कालनिर्णय काढ आणि तिथी बघ. पनवेलात घर असलं की समुद्राकडे निघालेला प्रत्येक नातेवाईक वाटेत चहाला थांबतो. मी प्रत्येकाला पहिलं हेच विचारते, की बाबा, भरती किती वाजता आहे? बहुतेकांनी खोलीत एसी आहे का ते विचारलेलं असतं, समुद्राला कुणी काही विचारलेलं नसतं. मग दुपारी दोनला अलिबागच्या कुलाबा किल्ल्यासमोर उभे राहतात आणि मध्ये पाणीच पाणी.

हिशेब सोपा आहे. मला तो माझ्या आत्येसासूबाईंनी शिकवला, त्यांचं माहेर अक्षीचं. शुद्ध पक्ष असो की वद्य, तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची. जो आकडा येईल, साधारण तितक्या वाजता समुद्र पूर्ण भरतो, दिवसाही आणि रात्रीही. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीनला भरती आणि पहाटे तीनलाही. भरतीच्या वेळेत सव्वासहा तास मिळवले की ओहोटी. म्हणजे चतुर्थीला सकाळी सव्वानवाच्या सुमारास पाणी सगळ्यात मागे गेलेलं असतं. अष्टमीला सकाळ-संध्याकाळ सहाला भरती आणि ऐन दुपारी ओहोटी. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट, सव्वाअकरा. अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतो, त्यामुळे नेमकी वेळ मोबाइलवरच्या तक्त्यात बघून घे. पण सुट्टी कोणत्या आठवड्यात टाकायची हे ठरवायला ही पाऊणकी पुरते.

आणखी एक बघायचं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी खूप चढतं आणि तितकंच मागेही जातं. सप्तमी-अष्टमीच्या भांगाच्या दिवसांत ते फार चढत नाही आणि पुरतं हटतही नाही. म्हणून किल्ल्यात चालत जायचं असेल तर भांगाचे दिवस टाळ. द्वितीया ते पंचमी धरलीस तर सकाळची ओहोटी मिळते, ऊन चढायच्या आत जाऊन येता. द्वादशी-त्रयोदशीला ती दुपारी तीन-चारच्या सुमारास येते, तीही चालते. पाणी अजून उतरत असतानाच निघा आणि ते वळून चढायला लागायच्या आत परत या. तुझ्या सासूबाईंना वाळूतून चालवू नकोस, किनाऱ्यावर घोडागाड्या असतात, त्यात बसव. गाडीवाला 'आता निघा' म्हणाला की निघायचं, आणखी पाच मिनिटं मागायची नाहीत.

किल्ल्यात गेलात की जावईबापूंना तटाचे दगड जवळून बघायला सांग. मोठमोठे चिरे नुसते एकावर एक रचलेत, सांध्यात चुना नाही. लाट आदळली की पाणी फटीत शिरतं आणि तिचा जोर मोडतो. शिवाजी महाराजांनी या किल्ल्याचं काम सुरू केलं, पुढे कान्होजी आंग्र्यांनी इथून आरमार चालवलं. आत सिद्धिविनायकाचं देऊळ आहे आणि समुद्राच्या मधोमध गोड्या पाण्याची पुष्करणी आहे. कान्होजी 1729 मध्ये गेले, त्यांची समाधी अलिबाग गावातच आहे. तिथेही पोरांना ने, पाच मिनिटांचं काम आहे.

आता पाण्यात उतरण्याबद्दल, आणि हे नीट ऐक. ओहोटी लागलेली असताना समुद्रात डुंबायचं नाही. पाणी बाहेर ओढत असतं आणि पायाखालची वाळू सरकत असते. चांगला पोहणारा नदी-तलावात पोहायला शिकलेला असतो, ही ओढ त्याच्या ओळखीची नसते. भरती चढत असताना, दिवसाउजेडी, गुडघ्यापर्यंत, पोरांचे हात धरून. काशीद आणि मुरूडला जास्त जपा. काशीदची पांढरी वाळू फोटोत गोड दिसते, पण तिथे पाणी लवकर खोल होतं. 2016 च्या फेब्रुवारीत मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेली 14 मुलं बुडाली. पावसाळा नव्हता, वादळ नव्हतं, दुपारची वेळ होती. किनाऱ्यावरचा कोळी किंवा जीवरक्षक हाक मारून बाहेर बोलावतो, तेव्हा त्याच्याशी वाद घालायचा नाही. आणि गाडी वाळूवर न्यायची नाही. दर मोसमात कुणाची तरी गाडी ओल्या वाळूत रुतते, आणि भरती काही क्रेनची वाट बघत नाही.

राहायचं कुठे, हा तुझा खरा प्रश्न. आधी गाव ठरव, मग घर. वरसोली अलिबागला अगदी लागून आहे. दवाखाना, जिल्हा रुग्णालय, औषधाचं दुकान सगळं हाताशी, म्हणून म्हातारी माणसं आणि तान्ही मुलं बरोबर असली की मी वरसोलीच सांगते. अक्षी-नागाव दक्षिणेला. नारळी-पोफळीच्या वाड्या, त्यांच्यामधून जाणाऱ्या अरुंद पाखाड्या, आणि वाडी संपते तिथे समुद्र. पण नागावच्या किनाऱ्यावर शनिवार-रविवारी बनाना राइड, पॅरासेलिंग, घोडे, उंट, सगळी जत्रा असते. पोरांना ती आवडते, तुझ्या सासऱ्यांना आवडणार नाही. त्यांच्यासाठी अक्षी बरी. उत्तरेला किहीम, सुरूच्या झाडांचं. सलीम अलींनी 1930 मध्ये सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला तो या किहीमलाच. त्याच्या पुढे सासवणे आहे, तिथे शिल्पकार करमरकरांच्या घरी त्यांची शिल्पं ठेवली आहेत. भरती दुपारी असेल आणि ऊन असेल तेव्हा तिकडे जा.

नागाव ठरवलंस तर एक खबरदारी घे. नागाव दोन आहेत. एक उरणचं, पिरवाडीच्या बाजूचं, आणि दुसरं अलिबागचं, अक्षीच्या पुढचं. पनवेलहून दोघांचे रस्ते वेगळे. बुकिंग करताना 'अलिबागचं नागाव ना?' असं तोंडाने विचार.

घर ठरवताना फोनवर बोलल्याशिवाय एक पैसा पाठवायचा नाही. फोटो कुणाच्याही बंगल्याचे कुणीही लावतं, आणि स्वस्तातला स्विमिंग पूलवाला बंगला दाखवून पैसे घेऊन गायब होणारे पुष्कळ झालेत. मालकाला सांग, व्हिडिओ कॉल लावा आणि फाटकापासून बाथरूमपर्यंत मोबाइल फिरवा. वाडीत राहणाऱ्या खऱ्या मालकाला यात काहीच अडचण नसते, उलट तो कौतुकाने वाडीसुद्धा दाखवतो. जो टाळाटाळ करेल, 'आत्ता पैसे टाका, नाहीतर खोली जाईल' म्हणेल, त्याचा फोन ठेवून दे. पर्यटन खात्याच्या निवास व न्याहारी योजनेत नोंदलेली घरंही आहेत, तशी नोंद आहे का विचार. ॲडव्हान्स थोडाच द्यायचा, उरलेले खोली बघून.

त्या फोनवर काय विचारायचं, तेही सांगते. 'बीच टच' म्हणजे नक्की किती? मिनिटं विचार, मीटर नको, आणि रस्ता ओलांडावा लागतो का तेही. संडास कमोडचा आहे का, तो खोलीला लागून आहे का, पायऱ्या किती. तुझ्या सासूबाईंच्या गुडघ्यांना वरच्या मजल्यावरचा समुद्र परवडणार नाही, तळमजलाच घे. पाणी गोडं की मचूळ? किनाऱ्यालगतच्या कित्येक विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात, आंघोळीला साबण फेसाळत नाही, मग प्यायचं पाणी वेगळं न्यावं लागतं. वीज गेली तर इन्व्हर्टरवर नुसता पंखा चालतो की एसी पण? जादा गादीचे पैसे किती, मुलांचं जेवण अर्धं धरता का, खोली कधी ताब्यात देता आणि कधी सोडायची? पूल असेल तर त्याला कुंपण आहे का, हे तर लहान मूल बरोबर असताना सगळ्यात आधी. शनिवारचा दर आणि मंगळवारचा दर यांत मोठा फरक असतो. तुमच्या रजा जमत असतील तर मधल्या वारी जा, तीच खोली, तेच लोक आणि दुप्पट निवांतपणा.

माझं मत विचारशील तर घरगुती सोय घे. ज्या घरी बाई स्वतः रांधते तिथे जेवण चांगलं मिळतं, आणि रात्री पोराला ताप आला तर दार ठोठावायला माणूस असतं. पण तिथे जाताना लक्षात ठेव की ते त्यांचं घर आहे. ताटं किती लागतील ते आदल्या रात्री सांगायचं, कारण मासळी सकाळी येते आणि मोजकी घेतली जाते. ऐन जेवायच्या वेळी 'आणखी चार जण आलेत' म्हणायचं नाही. रात्री स्पीकर लावायचा नाही, शेजारच्या वाडीतली माणसं पहाटे कामाला लागतात. वाडीतलं शहाळं हवं असेल तर मागून घ्यायचं, पैसे द्यायचे.

आणि वाडीत माडाखाली खाट टाकून झोपायचं नाही, गाडीही तिथे लावायची नाही. नारळ कधी पडेल ते माडालाही ठाऊक नसतं. अंधार पडला की बाहेर जाताना टॉर्च, पायात चप्पल. पाचोळ्यात जनावर असू शकतं.

खाण्याचं ज्याच्या त्याच्या मोसमावर आहे. जून-जुलैत मासेमारी बंद असते, त्या दिवसांत ताज्या पापलेटचा हट्ट धरलास तर बर्फातलं येईल. तेव्हा वालाचं बिरडं माग, सुकट माग, खाडीचं काही असेल तर विचार. जिताडा मिळाला तर दर बघून मागे हटू नकोस, या भागातला मान त्यालाच आहे. थंडीत, जानेवारी-फेब्रुवारीत गेलीस तर एक दिवस आधी पोपटी सांगून ठेव. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या ओल्या शेंगा, मध्ये अंडी किंवा मसाला लावलेली कोंबडी, परत पाला, आणि मडकं उपडं ठेवून भोवती जाळ. पाणी एक थेंब नाही. मडक्यावर पाण्याचा हबका मारतात, तो चर्रकन उडाला की झालं म्हणायचं. उघडल्यावर पाल्याचा जो वास येतो तो हॉटेलात मिळत नाही, म्हणून ती वाडीतच खायची.

फेब्रुवारीनंतर परत येताना कार्लेखिंडीच्या आसपास रस्त्याकडेला पांढऱ्या कांद्याच्या वेण्या लटकलेल्या दिसतील. 2022 मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळे नाव झालं आणि बाहेरचा पांढरा कांदाही त्याच नावाने विकला जायला लागला. अलिबागचा कांदा जरा चपटा, कच्चा खाल्ला तर गोडसर. एक फोडून चाखायला माग, शेतकरीण आनंदाने देते. सुट्या कांद्यापेक्षा वेणीच घे आणि घरी वाऱ्याला टांगून ठेव, पिशवीत ठेवलास तर कुजेल.

रस्त्याचं थोडक्यात. पळस्पे फाट्यावरून गोव्याचा रस्ता धरायचा. शिरढोण हे वासुदेव बळवंत फडक्यांचं गाव, मग कर्नाळ्याचा सुळका, पेण, आणि वडखळला गोव्याचा रस्ता सोडून पोयनाडकडे. सगळं मिळून सत्तरेक किलोमीटर. वडखळच्या पुढचा रस्ता अरुंद आहे, शनिवारी सकाळी आठनंतर निघालात तर तिथे अडकणारच. सहालाच पनवेल सोडा. गाडी नसेल तर पनवेल स्टँडवरून अलिबागची एसटी मिळते. अलिबागपर्यंत प्रवासी रेल्वे नाही, जवळचं स्टेशन पेण. अलिबाग स्टँडवरून नागाव-रेवदंड्याकडे मिनीडोर जातात, त्या भरल्या की सुटतात. मुंबईहून येणाऱ्या तुझ्या नणंदेला मात्र रस्त्याने येऊ देऊ नकोस. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो आहे, गाडीसकट येता येतं.

परतीला रविवारी दुपारी चारनंतर निघायचं नाही, सगळी मुंबई तेव्हाच निघते. एक तर बाराला जेवून निघा, नाहीतर एक रात्र जादा राहा आणि सोमवारी पहाटे साडेपाचला गाडी काढा. आठच्या आत पनवेलला याल. माझ्याकडे पोहे खा आणि मग पुण्याचा रस्ता धरा. किती जण आहात ते मात्र आदल्या दिवशी कळव.