ओठ शिवून झाल्यावर

अगं, शेजारच्या बाळाचा फोटो पाहिला. वरचा ओठ नाकपुडीपर्यंत दुभंगलाय. दूध नाकातून येतं म्हणतेस, म्हणजे टाळूलाही फट असणार. त्याची आजी म्हणते ना, की हिवाळ्यात कुठल्याशा संस्थेचे मोठे सर्जन येतात, फुकट ऑपरेशन करून जातात, तोवर थांबू? त्यांना थांबू देऊ नकोस.

शिबिरं घेणाऱ्या डॉक्टरांबद्दल माझ्या मनात आदरच आहे, हे आधी सांगते. आपल्या पंढरपूरचे डॉ. शरदकुमार दीक्षित तुला आठवतात का? अमेरिकेत प्लॅस्टिक सर्जन होते. १९६८ पासून दरवर्षी इकडे यायचे आणि दुभंगलेले ओठ फुकट शिवून द्यायचे. पुढे अपघातात अंगाची एक बाजू लुळी पडली, मग कर्करोगात स्वरयंत्र गेलं. तरी माणूस व्हीलचेअरवर बसून शस्त्रक्रिया करत राहिला. भारतीय जैन संघटनेची माणसं त्यांची शिबिरं भरवायची आणि गावोगावची पोरं गोळा करून आणायची. २००१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०११ मध्ये ते गेले. प्लॅस्टिक सर्जन फक्त मोठ्या शहरात असायचा त्या काळात ते आले नसते, तर कितीतरी मुली तोंडावर पदर धरूनच म्हाताऱ्या झाल्या असत्या.

पण ओठ हे एका दिवसाचं काम आहे, टाळू नाही. ओठ साधारण तिसऱ्या महिन्यानंतर शिवतात. त्यासाठी बाळाचं वजन साडेचार किलोच्या आसपास हवं आणि हिमोग्लोबिन दहाच्या वर. टाळूचं ऑपरेशन नऊ महिने ते दीड वर्षाच्या दरम्यान, म्हणजे बोलणं पक्कं व्हायच्या आत. त्यानंतर बोलण्याचे उपचार, कानांची तपासणी, वाकडे येणारे दात, आणि आठ-दहा वर्षांचा झाला की काहींना हिरडीतल्या हाडाचीही शस्त्रक्रिया. शिबिराचा डॉक्टर कितीही देवमाणूस असला तरी रविवारी रात्रीच्या गाडीनं परत जातो. ओठ छान दिसतो म्हणून घरचेही समाधान मानतात, आणि पोरगं शाळेत गेलं की नाकातून बोलतं म्हणून गप्प बसायला शिकतं. म्हणून मला स्माइल ट्रेनची पद्धत पटते. १९९९ मध्ये निघालेली ही संस्था बाहेरून डॉक्टर पाठवत बसत नाही. इथल्याच रुग्णालयांना आणि सर्जनांना पैसा आणि प्रशिक्षण देते. त्यामुळे ऑपरेशन फुकटच होतं, पण वर्षभर, आणि टाका उसवला तर दार ठोठावायला तोच डॉक्टर असतो. असं रुग्णालय शोधायला रायपूर तुमच्यापासून काही लांब नाही.

आता थोडं कडू बोलते. बालोद तेव्हा तुमच्याच दुर्ग जिल्ह्यात होतं. तिथल्या २०११ च्या मोतीबिंदू शिबिरात चाळीसहून जास्त माणसांची दृष्टी गेली. बिलासपूरजवळ पेंडारीला नोव्हेंबर २०१४ मध्ये एका सर्जननं एका दिवसात ८३ बायकांची नसबंदी केली आणि १३ जणी दगावल्या. एका चमूनं दिवसाला तीसच्या वर करू नयेत, असा सरकारचाच नियम होता. त्याच सर्जनचा काही महिन्यांपूर्वी विक्रमी संख्येबद्दल सत्कार झाला होता. तेव्हापासून 'एका दिवसात इतकी ऑपरेशनं' असा फलक दिसला की माझ्या पोटात गोळा येतो.

फुकट आहे म्हणून आपण विचारायचं नाही, असं बाळाच्या आईला वाटत असेल. तू सोबत जा आणि विचार. भूल कोण देणार? लहान बाळांना भूल द्यायची त्यांना सवय आहे का? आज एकूण किती बाळं आहेत? आठव्या दिवशी ताप आला तर कुणाकडे जायचं, आणि टाळूचं कोण बघणार? चांगला डॉक्टर रागावत नाही. उलट तोच तुम्हाला शंभर गोष्टी विचारेल आणि बाळाला सर्दी असली तर परत पाठवेल. परत पाठवलं म्हणून रडायचं नाही, हेही तिला सांग.

आणि ते उपकाराचं ओझं! दल्ली-राजहऱ्याचं शहीद हॉस्पिटल आठव. बाळंतपणात वेळेवर उपचार न मिळून कामगार संघटनेची कुसुमबाई गेली. मग खाणकामगारांनी स्वतः वर्गणी काढून, स्वतःच्या हातांनी १९८३ मध्ये ते उभं केलं. बाहेरून आलेले डॉक्टर तिथे राहून काम करू लागले, पण मालक कामगारच. त्या भागातल्या बाईनं डॉक्टरासमोर मान खाली का घालावी?

कामाचं बोलू. तुमच्या वस्तीतल्या मितानीनला, म्हणजे गावच्या आरोग्यसेविकेला, आजच गाठ. अंगणवाडीत मुलं तपासायला येणाऱ्या सरकारी चिरायु योजनेच्या पथकाकडे बाळाची नोंद तीच करून देईल; दुभंगलेला ओठ आणि टाळू त्यांच्या यादीत आहेच. डॉक्टरांना हृदयही तपासायला सांग, कारण अशा काही बाळांच्या हृदयात दोष असतो. तसं निघालंच तर नवा रायपूरचं सत्य साई संजीवनी रुग्णालय आहे, तिथे मुलांच्या हृदयाची शस्त्रक्रिया फुकट होते, बिलाची खिडकीच नाही.

ऑपरेशन होईपर्यंत वजन वाढवणं हेच औषध. आईनं दूध काढून वाटी-चमच्यानं पाजावं, बाळाला आडवं न ठेवता बसतं धरून, थोडं थोडं, मध्ये ढेकर काढून. दर आठवड्याला वजन करा. ऑपरेशनच्या दिवशी डॉक्टर सांगतील तितके तास पोट रिकामं हवं. तेव्हा आजीला बाळाजवळ एकटी सोडू नकोस. तिचा जीव कळवळेल, ती चोरून चमचाभर दूध पाजेल, आणि भुलेत तेच छातीत जाईल.

ग्रहणात सुनेनं विळी हातात घेतली म्हणून असं झालं, ही कुजबुज तुझ्या अंगणात झाली तर तिथल्या तिथे तोड. हजारात एखाद्या बाळाला हे होतं, कधी घराण्यातून, कधी काही कारण सापडतही नाही. त्या सुनेला दूध येईना झालंय ते निम्मं या बोलण्यानं.

आणखी एक. बाप ठेकेदाराकडे नंदिनीच्या खाणीत रोजावर आहे ना? ऑपरेशन फुकट असलं तरी त्याची चार दिवसांची रोजी बुडते, गाडीभाडं लागतं. कितीतरी घरं दुसऱ्या ऑपरेशनला येत नाहीत ती याच पैशांपायी. ती रोजी मी देते, पण उधार म्हणूनच दे, नाहीतर तो घेणार नाही. आणि ते रायपूरला असतील तेव्हा मोठ्या पोराला दोन्ही वेळा जेवायला तुझ्याकडे बोलव.