लॅपटॉपची बाह्य परीक्षा

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं सध्यां एक प्रश्न निघतो : मुलासाठीं लॅपटॉप कोणता घ्यावा ? दुकानदार आंतल्या सामग्रीचे आंकडे सांगतो, आणि पालक त्यांवर विश्वासून कष्टाचे पैसे मोजतात. ते आंकडे निरर्थक आहेत असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु कित्येक यंत्रांत मेमरी व साठवण मागाहून वाढवितां येते. कळफलक, बिजागरी, पडदा व तारा जोडण्याचीं पोर्ट हीं मात्र जशीं घेतलीं तशींच वर्षानुवर्षें वापरावीं लागतात. म्हणून त्यांची परीक्षा आधींच कशी करावी, हें येथें पाहूं.

प्रथम या वस्तूची ठेवण कशी घडली तें समजून घ्यावें. पडदा कळफलकावर शिंपल्याप्रमाणें मिटविण्याची रचना बिल मॉग्रिज या इंग्रज रचनाकारानें ‘ग्रिड कंपास’ या यंत्रांत साधली. तें १९८२ सालीं बाहेर आलें व वजनानें सुमारें ५ किलो भरे. पुढील कित्येक यंत्रांत कळफलक पुढच्या कडेलाच असे. त्यामुळें लिहितांना मनगटें अधांतरीं राहत. १९९१ सालीं ॲपलच्या ‘पॉवरबुक’नें कळफलक पडद्याकडे सारला व पुढें मनगटें टेकण्यास सपाट जागा ठेविली. त्यानें यंत्राचा वेग वाढला नाहीं. केवळ जागांची अदलाबदल झाली. तथापि पुढें तीच ठेवण सर्वत्र रूढ झाली. यावरून आकार हा नुसत्या शोभेचा विषय नव्हे, हें ध्यानांत येईल.

आतां परीक्षेकडे वळूं. यंत्र मेजावर ठेवून झांकण एका हातानें उघडावें. बिजागरी अशी असावी कीं झांकण हवें त्या कोनावर थांबेल, मेजास धक्का लागतांच मागें कलंडणार नाहीं, आणि उघडतांना तळ उचलला जाणार नाहीं. मग पडदा खिडकीसमोर धरावा. चकचकीत पडदा मोहक दिसतो, पण उजेडांत त्यांत आपलेंच तोंड दिसूं लागतें. अभ्यासास निस्तेज पृष्ठाचा पडदा बरा. तळाशीं हवेसाठीं छिद्रें असल्यास तें यंत्र गादीवर ठेवून वापरूं नये, कारण छिद्रें झांकलीं कीं यंत्र तापतें.

कळफलकाकडे विशेष लक्ष द्यावें. पूर्ण मापाच्या कळफलकांत एका कळेच्या मध्यापासून शेजारच्या कळेच्या मध्यापर्यंत सुमारें १९ मिलिमीटर अंतर असतें. तें फूटपट्टीनें मोजतां येतें. लहान यंत्रांत जागा वांचविण्यासाठीं बहुधा उजव्या कडेच्या कळा अरुंद करतात. इंग्रजी लिहिणारास तेथें विरामचिन्हेंच लागतात. परंतु इनस्क्रिप्ट रचनेनें मराठी लिहिणारास ड, च व ट हीं नित्याचीं अक्षरें नेमकीं तेथेंच भेटतात! म्हणून दुकानांत केवळ आपलें नांव लिहून थांबूं नये. मराठीचा एक पूर्ण परिच्छेद लिहून पाहावा.

पोर्टांविषयीं मुख्य गोष्ट ही कीं, आकार एक असला तरी गुण एक असतीलच असें नाहीं. २०१४ सालीं ठरलेली ‘यूएसबी सी’ ही लंबगोल खांच दोन्ही बाजूंनीं सारखी असल्यामुळें तार उलटी लागण्याची भीति नाहीं. युरोपीय संघाच्या कायद्यानें मोबाइल फोनांसाठीं २८ डिसेंबर २०२४ ही, तर लॅपटॉपांसाठीं २८ एप्रिल २०२६ ही ती आवश्यक होण्याची तारीख ठरविली. पण अशा एका खांचेंतून वीज, माहिती व चित्र हीं तिन्ही जातील, तर शेजारच्या खांचेंतून केवळ माहिती जाईल. म्हणून पुस्तिकेंत प्रत्येकीचे गुण वाचावे. शाळेच्या प्रोजेक्टरास एचडीएमआय लागत असेल व तें यंत्रावर नसेल, तर जोडणीचा निराळा खर्च आधींच हिशेबांत धरावा. दोन खांचा इतक्या जवळ नसाव्या कीं एक जाड पेनड्राइव्ह दुसरीची वाट अडवील. वीज दोन्ही बाजूंनीं घेतां आल्यास उत्तम. तार वाटेंत येत नाहीं, आणि एक खांच बिघडली तरी काम अडत नाहीं.

शेवटीं वजन. तें चार्जरसह पाहावें, कारण दप्तरांत दोन्ही जातात.

विद्यार्थ्यांनो, ही परीक्षा करण्यास अर्धा तास पुरे. घरांतील वडील माणसें पैसे मोजतात. तपासणीचा भार तुम्ही उचला. विक्रेता घाई करूं लागल्यास नम्रपणें, पण निश्चयानें, फूटपट्टी बाहेर काढा.

अभ्यास : (१) घरच्या वा शाळेच्या एका कळफलकाचें माप घ्या व उजव्या कडेच्या कळांशीं ताडून पाहा. (२) त्याच यंत्राच्या प्रत्येक खांचेचें काम एका ओळींत लिहा.