श्रीगोंद्याचे शेख महंमद आणि तुर्कस्थानचे बेक्ताशी

शेख महंमदांचा अभंग कीर्तनात घ्यावा की नाही, अशी शंका अजूनही कानावर येते. विचारणारा भाविकच असतो, तेव्हा ती टाळून चालायचे नाही.

शेख महंमद श्रीगोंद्याचे. देवळाली-नाशिकाकडून नगरमार्गे पंढरीस चालत जाणाऱ्यांना हे गाव काही परमुलखातले नाही. सोळाव्या शतकाचा उत्तरार्ध आणि सतराव्याचा पूर्वार्ध हा त्यांचा काळ. मालोजीराजे भोसले यांची त्यांच्यावर निष्ठा होती, असे परंपरा सांगते. त्यांचे गुरू चांद बोधले. आणि याच बोधल्यांचा अनुग्रह दौलताबादच्या जनार्दनस्वामींना झाला, असेही परंपरा मानते. म्हणजे शेख महंमद हे नाथमहाराजांच्या गुरूंचे गुरुबंधू झाले! नाथांना डोक्यावर घ्यायचे आणि घरच्या या वडीलधाऱ्याला उंबऱ्याबाहेर उभे करायचे, हे कसे जमावे?

त्यांचा 'योगसंग्राम' १६४५ साली पुरा झाला. १८ भागांचा हा ओवीबद्ध ग्रंथ. नाव संग्रामाचे असले तरी रणांगण देहाच्या आतच आहे. लढणारा जीवात्मा आणि समोर कामक्रोध-अहंकाराची फौज. आपण अविंध कुळात जन्मलो हे त्यांनी कधी लपविले नाही, आणि देवापुढे पशू मारणाऱ्यांना व शिष्य गोळा करणाऱ्या भोंदू गुरूंनाही सोडले नाही. महिपतिबुवांनी त्यांचे चरित्र संतमालिकेत गुंफले. वा. सी. बेंद्रे यांनी त्यांची कविता १९६१ साली छापून काढली. तरी खरे जतन केले ते छापखान्याने नव्हे, गाणाऱ्यांनी.

नाथांच्या 'हिंदू-तुर्क संवाद' या भारुडातला तुर्क म्हणजे मुसलमान. पण खऱ्या तुर्कस्थानातही एक पंथ आहे, त्याची हकीकत आपल्या लोकांनी ऐकण्याजोगी आहे. तेराव्या शतकात खुरासानाकडून हाजी बेक्ताश वली नावाचे सत्पुरुष अनातोलियात आले; त्यांच्या नावाचे हे बेक्ताशी. खेड्यापाड्यांतले अलेवी लोकही त्यांनाच मानतात. त्यांचा मेळावा, त्याला 'जेम' म्हणतात, मशिदीत भरत नाही. स्त्रीपुरुष एकत्र बसतात. साज नावाचे तंतुवाद्य छेडीत गायक पदे म्हणतो. ती पदे अरबीत नाहीत, शेतकऱ्याच्या तुर्कीत आहेत. आणि शेवटच्या कडव्यात कवीची नाममुद्रा, अगदी आपल्या अभंगासारखी!

आणखी एक रीत मला फार मोलाची वाटते. जेम सुरू होण्याआधी देदे, म्हणजे वडील गुरू, जमलेल्यांना विचारतात, कोणाचा कोणावर राग आहे काय? असला तर आधी समेट, मग भजन. भांडण मिटविले नाही तर त्या माणसाला मेळ्यात जागा नाही. आपण एकमेकांच्या पायां पडतो; पण बांधावरचा दावा तसाच ठेवून पडतो की काय, ते ज्याचे त्याने पाहावे.

१८२६ साली सुलतान दुसऱ्या महमूदने या पंथाचे मठ मोडले. १९२५ साली प्रजासत्ताकाने कायद्याने सगळ्याच पंथांचे मठ बंद केले. हाजी बेक्ताशांचे स्थान १९६४ साली उघडले, तेही संग्रहालय म्हणून. पण मधल्या वर्षांत खेड्यांतून दाराशी राखण बसवून रात्री जेम होतच राहिला. मठाला कुलूप लागले, गळ्याला कोण लावणार? सिवास प्रांतातले आशिक वेसेल (१८९४–१९७३) लहानपणी देवीच्या रोगाने आंधळे झाले. बापाने हाती साज दिला, आणि पुढे साऱ्या देशाने त्यांची गाणी उचलली.

आता कोणी म्हणेल, म्हणजे बेक्ताशी आणि वारकरी एकच. तसे नाही. त्यांचे आराध्य अली आणि बारा इमाम, आपला विटेवरचा विठ्ठल. उगाच सरमिसळ करू नये. पण दगडविटांचे ठिकाण कोणाचे हा तंटा निराळा आणि पद कोणाच्या मुखी आहे हे निराळे, एवढे त्या खेड्यांकडून समजते. श्रीगोंद्यास बाबांच्या स्थानाला देऊळ म्हणावे की दर्गा, यावरून २०२५ साली वाद पेटला होता. समाधीपुढे मात्र दोन्हीकडची माणसे पिढ्यान्‌पिढ्या माथा टेकीत आली आहेत.

तेव्हा मूळ शंकेविषयी. अभंग घ्यावा, नाममुद्रा खाली आवाजात गिळून टाकू नये, स्पष्ट म्हणावी. परंपरा कशी आहे ते देहूस पाहावे. तुकोबारायांची पालखी निघाली की अनगडशहाबाबांच्या दर्ग्यापाशी थांबते, तेथे अभंग आणि आरती होते, आणि मग वारी पुढे चालू लागते.