ग्रॅनाइटवर पाय ठरेल का?

प्रश्न : सिंहगड मी नेहमी चढते. सध्या मुलाकडे बंगळूरला आहे. तो सावनदुर्ग हा ग्रॅनाइटचा डोंगर चढू या म्हणतो. पण ग्रॅनाइट म्हणजे आपल्या ओट्यासारखा गुळगुळीत! पाय घसरणार नाही का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, ओट्याच्या ग्रॅनाइटला पॉलिश केलेले असते. सावनदुर्गचा उघडा कातळ स्फटिकांच्या दाण्यांमुळे खरखरीत आहे. कोरडा असला की बूट छान धरतो. भीतीने कातळाकडे ओणवे होऊ नका. ताठ राहा, तळवा पूर्ण टेकवा. कातळावर काळपट पट्टे दिसतील, ते पाणी वाहते तिथल्या शेवाळाचे. ते ओले झाले की पाय सटकलाच, म्हणून पाऊस पडून गेल्यावर मात्र चढूच नका.

खरी काळजी उतरताना घ्यायची. डोंगर घुमटासारखा आहे; खाली जावे तसा उतार वाढतो आणि पुढचा कडा वरून दिसतच नाही. तेव्हा खडकावर रंगवलेले बाण सोडून जवळची वाट शोधू नका. वनखात्याचे तिकीट काढून सकाळी लवकर निघा. सावली फारशी नाही. पाणी माणशी दोन लिटर तरी घ्या. माथा १२२६ मीटरवर आहे, पण गुडघे कुरकुरू लागले तर अर्ध्यातून खुशाल परत फिरा.